गाळलेली ओळ

१

हार ताजा होता आणि कोठार रिकामं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी क्लासचं कुलूप काढलं. मलकापुरात स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर खाली तुळशीरामभाऊंचं सरकी-ढेपेचं दुकान आहे आणि वर आमच्या दोन खोल्या. मालगाडी गेली की फळा थरथरतो, आणि या दिवसांत खिडकीतून कापसाचा एखादा पुंजका आत येऊन की-बोर्डवर बसतो. इथं मी, जानराव, डेटाबेस सांभाळायचं शिकवतो. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. दवाखान्याचं असो, बँकेचं असो, जिनिंगचं असो. त्याच्या राखणदारांची एक मोठी परीक्षा असते, तिची तयारी मी करून घेतो. कोठार मंद पडलं तर त्याला पळतं कसं करायचं, तेही शिकवतो. त्याला ट्युनिंग म्हणतात. पहिल्या दिवशी प्रत्येक बॅचला माझं एकच वाक्य असतं : पोरहो, मंद यंत्र आळशी नसतं, ते कोणाची तरी वाट पाहत असतं. कोण कोणासाठी थांबलंय, ते आधी शोधा.

भिंतीवर दुसरं एक वाक्य आहे. ते मी हौसेनं रंगवून घेतलं होतं : 'इथं शिकलेला टोपली घेऊन बसत नाही.'

कोपऱ्यात आमचं मोठं यंत्र. चैत्रात आणलं, इन्व्हर्टरवर ठेवलं, तेव्हापासून एकदाही बंद पडलं नव्हतं. हा त्याचा पहिलाच दसरा. खंडेनवमीच्या संध्याकाळी मी स्वतः ते बंद केलं. विळ्या-कुऱ्हाडींना, नांगराला त्या दिवशी विसावा देतात, मग आमच्या हत्यारालाही द्यावा, असं मनात आलं.

आता ते सुरू होतं. हिरवा दिवा लुकलुकत होता. वर झेंडूचा हार, समोर आपट्याची दोन पानं, आणि पुढच्या गोल बटणावर कुंकवाचं एक बोट.

मी पडदा उघडला. बारा पोरापोरींचं सहा महिन्यांचं काम ज्या कोठीत होतं, ती रिकामी. तिची राखीव नक्कल जिथं असते, ती दुसरी कोठीही रिकामी.

पुण्याच्या एका कंपनीनं यंदा क्लासला परीक्षेचा एकच कोड, म्हणजे फी भरलेली एक जागा, दिला होता. उद्या शनिवारी अकोल्याच्या केंद्रावर त्या कोडवर एकच जण बसणार, आणि पास झाला तर त्या कंपनीतच कामाला लागणार. कोणाचं नाव भरायचं ते आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. ते ठरणार होतं याच कोठीतल्या कामावरून.

कोठारात कोणी काय केलं याची यादी यंत्र आपोआप लिहितं. मी ती काढली. फक्त दसऱ्याचा दिवस निवडला. नेहमीच्या सवयीनं माझं स्वतःचं नाव गाळलं. राखणदाराच्या शेकडो ओळी असतात, त्यात बाकीच्यांच्या हरवून जातात.

उरली एकच ओळ.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. कोठी झाडून रिकामी केली. नाव, सुचिता. 'कुठल्या संगणकावरून' हा रकाना कोरा.

२

दहाला पोरं जमली. चपला दाराबाहेर काढून एकेक आत आला. सुचिता आली तेव्हा तिच्या हातात नेहमीचा डबा होता, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. संग्रामपूरकडच्या गावची पोरगी, मलकापुरात आत्याकडे राहून शिकत होती. अकरा मिनिटं लागणारं एक काम तिनं चार सेकंदांवर आणलं होतं. कोडवर तिचंच नाव आहे, असं सगळे धरून चालले होते. मात्र खंडेनवमीच्या दिवशी राजकुमारनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "सर, माह्यं तीन सेकंदात होते. दसऱ्यानंतर मोजा."

मोजायला आता काही उरलं नव्हतं. मला वाटलं, कारण स्पष्ट आहे.

एकटीला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. मी तसं केलं नाही.

"सुचिता, काल सकाळी अकराला तू कुठं होतीस?"

"शेगावले गेली होती सर. दर्शनाले."

जिन्यात तुळशीरामभाऊ उभे होते, क्लासची किल्ली त्यांच्या दुकानाच्या खिळ्यावर असते म्हणून मीच बोलावलं होतं. ते भोळेपणानं म्हणाले, "शेगावले? अवं बाई, काल सरकीची गाडी आनाले गेलो, त मी तुले चौकात गर्दीत पाह्यलं ना! अकराच वाजले असतीन."

कोणीतरी हसलं. सुचिताची मान खाली गेली.

"किल्ली कोणी नेली होती भाऊ?"

"थे म्हायती नाही मास्तर. माह्या दुकानी सरकीची गाडी उतरून राह्यली होती. हमाल पाहू का खिळा पाहू?"

मी उठलो आणि यंत्रावरचा हार काढून आणला. हाराच्या दोन्ही टोकांना दोरा नव्हता. खिळ्यावर दोरा कापला जाऊ नये म्हणून लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली होती. गुरुपौर्णिमेला सुचितानं मला असाच हार आणला होता, म्हणून ती गाठ माझ्या ओळखीची. मी चिंधी तिच्या डब्याच्या फडक्यापाशी धरली. एकच काठ. पिवळ्यावर तांबडी रुईफुलं.

"हार तुझ्या हातचा आहे का नाही?"

"हाव सर. पण..."

"पण काय?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती, राजकुमारकडेही पाहत नव्हती. तिची नजर भिंतीवर होती, माझ्या रंगवलेल्या अक्षरांवर.

"म्या नाही पुसलं सर," ती इतकंच म्हणाली. "माह्यंबी काम होतं त्यात."

"खोटं बोलणाऱ्याच्या हाती कोणी कोठाराची किल्ली देत नाही," मी म्हणालो. शिक्षकाचा आवाज चढला की त्याला तो न्यायाचाच वाटतो. "कोड राजकुमारला जाईल. तू घरी जाऊ शकतेस."

ती चपला हातातच घेऊन जिना उतरली. घालायलाही थांबली नाही.

माझी आई वच्छलाबाई जात्यावर बसली की ओव्या जुळवायची. त्यांतली एक अशी मध्येच आठवते, दाढेत तीळ अडकावा तशी.

*सारवलं गं अंगण, कोरं झालं चारी ठायी,*
*जिची पुसली रांगोळी, तिले इचारलं नाही.*

तेव्हाही ती आठवली. मी ती झटकली आणि पोरांना सुट्टी देऊन टाकली.

३

बाराच्या सुमारास प्राची आली. पाच वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी. अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्याचं कोठार आता तीच राखते. दरवर्षी सोनं द्यायला येते. हातात आपट्याची पानं, तोंडभर हसू.

माझा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. मी सगळं सांगितलं, ओळ दाखवली, हार दाखवला. ती ऐकत राहिली. पानं तिनं माझ्या हातात दिलीच नाहीत, टेबलावर ठेवली.

"हे मंग देतो सर," म्हणाली. "एक सांगा, हा रकाना कोरा काऊन?"

"हुशार पोरगी आहे. पुसला असेल."

"कोठी पुसली, रकाना पुसला, अन् स्वतःचं नाव तेवढं ठेवलं? पोरगी हुशार आहे का येडी आहे, एक काहीतरी ठरवा ना तुम्ही."

मला राग आला. 

"राजकुमारले बोलवा," ती म्हणाली. "कोणाचा फायदा झाला, ते त पाहू."

राजकुमार खालीच चहाच्या टपरीवर होता. वर आला तो घाम पुसतच. प्राचीनं त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"काय बे, तीन सेकंदवाल्या. काल अकराला कुठं होता?"

"गावाकडं ताई. ट्रॅक्टर धुऊन राह्यलो होतो पूजेसाठी. हे पाहा, स्टेटसले फोटो आहे, अकरा वाजून पाच मिनिटाचा. सारी गल्ली उभी आहे मांगं."

फोटो खरा होता. ट्रॅक्टरला हार, बॉनेटवर राजकुमार, मागे शेजाऱ्यांची अख्खी फौज.

"बरं. मंग तुह्या तीन सेकंदाचं काम तुह्या घरच्या संगणकावर असंन ना? तेच मोजू."

राजकुमारनं फोन खिशात घातला.

"ताई... सर..." तो खाली बघत म्हणाला. "तीन सेकंद नव्हतेच. सहा मिनिटं लागत होती. सगळे तिचंच नाव घेत होते, म्हनून फेकली. आज सकाळी कोठी रिकामी दिसली, तवा मले बरं वाटलं सर. तिले तुम्ही बोलत होते तवा म्या तोंड उघडलं नाही."

म्हणजे कोठी पुसली जावी, असं वाटणारा माणूस हा होता. आणि नेमका तोच वीस किलोमीटर दूर ट्रॅक्टरवर बसलेला होता.

प्राचीनं त्याला जाऊ दिलं नाही. "बस तिथं. अजून लागशीन." मग ती यंत्रापाशी गेली आणि वाकून त्या गोल बटणाकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.

"सर, तुमच्याकडं झाडलोट कोण करते?"

४

अन्नपूर्णाबाई सकाळी सातला येऊन झाडून जातात, त्यामुळे दहाचा तमाशा त्यांना ठाऊकच नव्हता. पलीकडच्याच गल्लीत घर. आल्या त्या पदराला हात पुसत.

"मावशी, काल यंत्राची पूजा तुम्ही केली?" प्राचीनं विचारलं.

"नाही बाई. म्या हात नाही लावला." उत्तर फार लवकर आलं. "सरनं सांगतलं हाये, त्या डब्ब्याले हात लावाचा नाही म्हनून."

"हात नसंन लावला. बोट लावलं असंन."

अन्नपूर्णाबाईंनी पटकन उजवा हात पदराखाली घेतला. बोटाला अजून लाली होती. प्राची हसली नाही, त्यांच्या शेजारी खाली फरशीवर जाऊन बसली.

"मावशी, कोणी रागावत नाही. फक्त सांगा. कुंकू बटणावरच काऊन लावलं?"

बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा यंत्राकडे पाहिलं. "आता कपाळ कुठं असते त्या डब्ब्याचं, मले काय म्हायती? चारी बाजूनं काळाभोर. तेवढंच एक गोल दिसलं, कपाळावानी. घरोघर लोकं कुदळ-पावडं पुजून राह्यले, अन् पोरायचं पोट ज्याच्यावर चालनार, थे असं बिनपूजेचं अंधारात बसलं. माह्या जीवाले बरं नाही वाटलं. तुळशीरामभाऊच्या खिळ्यावरून किल्ली घेतली. हार घातला, बोटानं कुंकू टेकवलं. तं काय सांगू बाई, हिरवा दिवा लागला अन् थे घूं घूं करू लागलं! मले वाटलं, देव पावला. म्या हात जोडले अन् निंगून आली."

"किती वाजता?"

"अकरा वाजून गेले असतीन. खाली सरकीची गाडी उतरून राह्यली होती."

"आणि हार?"

आता बाई अडखळल्या. "हार चौकातून घेतला."

"कोणाकडून?"

"शप्पत घातली हाये बाई तिनं."

मी मध्येच बोललो. "अन्नपूर्णाबाई, त्या हारापायी आज सकाळी मी सुचिताला क्लासमधून काढलंय."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आग लागो माह्या तोंडाले! अहो सर, थे पोरगी सकाळपासून बापाजवळ बसली होती चौकात, झेंडूचा ढीग घेऊन. हार ओवून राह्यली होती. मले पाहून वरमली. म्हने, मावशी, हार असाच घेऊन जा, पन सरले सांगू नका मी इथं टोपली घेऊन बसली म्हनून. त्यायच्या भिंतीवर लिवलं हाये, म्हने. मले वर्गात लाज वाटंन."

राजकुमारनं भिंतीकडे पाहिलं. प्राचीनं पाहिलं. मी पाहू शकलो नाही.

आता पोरीच्या खोट्याचा उलगडा झाला होता. ती चौकात होती, बापाच्या डोळ्यांसमोर. मग अकरा दहाला तिच्या नावानं कोठी झाडली कोणी?

५

प्राची माझ्या खुर्चीवर बसली. मी तिच्यामागे उभा राहिलो, पाच वर्षांपूर्वी ती माझ्यामागे उभी राहायची तसा.

"सर, पहिल्या दिवशी तुम्ही काय शिकवता?"

"कोण कोणाची वाट पाहतंय, ते शोधा."

"मंग तुम्ही आज काय शोधलं? कोण आलं, ते. कोणी आलंच नाही सर. मावशीनं बटण दाबलं, यंत्र जागं झालं. त्याच मिनिटाले कोठी झाडल्या गेली. म्हणजे कोणीतरी आधीपासून आत वाट पाहत बसलं होतं. अन् रकाना कोरा आहे, कारण माणूस खुर्चीवर बसला तरच त्याच्या संगणकाचं नाव येते. हे तुम्हीच शिकवलं मले."

तिनं की-बोर्ड जवळ ओढला.

"तुम्ही एकच दिवस निवडला. मी सारे दिवस काढतो."

पडदा भरून गेला. रात्री दोन वाजता, कोठी झाडली, सुचिता. आदल्या रात्री दोन वाजता, कोठी झाडली, सुचिता. त्याच्या आदल्या रात्री. पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत रोज रात्री, यंत्र बंद होतं ती एक रात्र सोडली तर एकही न चुकता.

"पोरगी काय रोज रात्री दोनले तुमच्या क्लासात झाडू मारते का?" प्राची म्हणाली. "आता तुम्ही गाळलेली ओळ दाखवा."

"कोणती?"

"तुमची."

तिनं माझं नाव परत यादीत घेतलं. दसरा, अकरा दहा. सुचिताच्या ओळीच्या वर एक ओळ होती आणि खाली एक ओळ होती. दोन्हींवर नाव एकच : जानराव.

तेव्हा मला सगळं दिसलं. खरं तर सकाळीच दिसायला हवं होतं.

रोज लिहून-खोडून कोठीत पोकळ जागा पडतात, शोधायला वेळ लागतो. म्हणून रात्रीतून ती चाळायची, आपल्या घरच्या गव्हासारखी. एक वाजता सगळं धान्य राखीव कोठीत ओतायचं. दोन वाजता मोठी कोठी झाडायची. तीन वाजता परत नीट भरायची. ही तीन कामं यंत्र आपोआप करत असे. ओतणं आणि भरणं मी माझ्या नावानं लावलं होतं. झाडणं वर्गात शिकवताना लावलं. त्या दिवशी पंख्याखालची खुर्ची सुचिताची होती. "ऊठ गं जरा," म्हणून मी तिच्या जागेवर बसलो, तिच्या नावानंच काम लावलं, आणि उठून गेलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी. बाहेर बैल रंगवण्याची घाई चालली होती.

खंडेनवमीच्या रात्री यंत्र बंद. एकचं काम चुकलं, दोनचं चुकलं, तीनचं चुकलं. तिघंही अंधारात वाट पाहत बसली. अन्नपूर्णाबाईंनी कपाळाला कुंकू लावलं, आणि तिघं एकदम उठली. एकामागे एक नाही, एकदम. ओतणारा राखीव कोठी मोकळी करून भरायला येतो, तोवर झाडणारानं झाडून टाकलं होतं. मग रिकाम्यातून रिकाम्यात ओतलं गेलं, आणि रिकामंच परत भरलं गेलं.

"पुसायले वेळच लागत नाही सर," प्राची हळूच म्हणाली. "लिहायले लागतो."

राजकुमारनं विचारलं, "म्हणजे चोर कोणीच नाही?"

"आहे ना," मी म्हणालो.

क्रम न बांधता कामं मी लावली. दुसऱ्याच्या नावावर मी लावली. यंत्र मी बंद केलं. आणि गुन्हेगार शोधायला बसलो तेव्हा सगळ्यांत आधी यादीतून माझं नाव मी गाळलं.

घड्याळात साडेतीन वाजले होते. पाचला दीड तास होता.

६

चौकात दसऱ्यानंतरच्या दिवशी झेंडूला कोणी विचारत नाही. काल ज्याच्यासाठी झुंबड होती, तो आज पायाखाली येतो. सुचिताचे वडील कडूबा उरलेली फुलं पोत्यात भरत होते. सुचिता टोपल्या एकात एक घालत होती. पाचच्या एसटीनं ती त्यांच्याबरोबर गावी निघाली होती.

मला पाहून कडूबांनी घाईनं एक पोतं झटकलं, चौघडी करून अंथरलं. "सर! बसा ना सर, बसा. पोरगी तुमचं लय नाव घेते. म्हने, सर नसते त मी काही शिकली नसती. दोन दिवस सुट्टी देली म्हने तुमी तिले?"

तिनं घरी सांगितलं नव्हतं. माझी अब्रू तिनं त्या चौकात, फुलांच्या ढिगाआड झाकून ठेवली होती.

मी पोत्यावर बसलो. ही जागा मला ठाऊक होती. याच कोपऱ्यावर माझी आई भाजीची टोपली घेऊन बसायची. शाळेतून येताना मित्र सोबत असले की मी पलीकडच्या फुटपाथनं जायचो. ती हाक मारायची नाही. एकदा जात्यावर एवढंच म्हणाली होती,

*डोईवरली टोपली, तिच्यात लेकाची शाळा,*
*लेक शिकून गं आला, वळखेना मायचा गळा.*

आणि पुढं त्या लेकानं भिंत रंगवून घेतली.

"कडूबाभाऊ," मी सुरुवात केली, "आज सकाळी मी तुमच्या पोरीला..."

"सर." सुचितानं मला थांबवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "इथं नका सांगू. बाबाले एकट्याले कायले? जिथं बोलले, तथी सांगा."

प्राची माझ्यामागे उभी होती, तिच्या बाजूला राजकुमार. तिनं सुचिताच्या हातातली टोपली घेतली आणि राजकुमारच्या हातात दिली. "धर बे. तीन सेकंदात वर नेऊन ठेव."

मी निरोप धाडले, साडेचारपर्यंत बारांपैकी नऊ पोरं परत आली. तुळशीरामभाऊ आले, अन्नपूर्णाबाई आल्या. कडूबा दाराशी बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. "पाय मातीचे हायेत," म्हणाले.

मी फळ्यावर तिन्ही ओळी लिहिल्या. माझी, तिची, माझी. काय झालं ते सांगितलं, जसं शिकवतो तसं, पायरी-पायरीनं. मग म्हणालो, "सुचिता खोटं बोलली ती माझ्या भिंतीला भिऊन. मी चुकलो. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो." पोरं खाली पाहत होती. शिक्षकाला लाज वाटताना पाहायचं कोणी शिकवलेलं नसतं.

राजकुमार उठला. "सर, माह्यंबी लिहा फळ्यावर. तीन नाही, सहा मिनिटं."

पाचला सहा मिनिटं असताना मी कोडवर सुचिताचं नाव भरलं. प्राचीनं टेबलावरची आपट्याची पानं उचलली आणि तिच्या हातात ठेवली. मला दिली नाहीत. मी मागितलीही नाहीत.

मग मी रंगाचा डबा शोधू लागलो. "ही ओळ आजच पुसून टाकतो."

"पुसू नका सर." सुचिता दारात होती, एका हातात बापाची पिशवी. "पुसणं लवकर होते. राहू द्या तशीच. फक्त कोणी लिवली थे खाली लिवा."

एसटी चुकू नये म्हणून ती दोघं निघून गेली. अकोल्याला गावाहूनच पहाटे जाईन, म्हणाली. कोठीतलं काम परत आलं नाही. बारा जणांना पुन्हा लिहावं लागलं, आणि मी प्रत्येकाच्या शेजारी बसून लिहिलं.

सोमवारी निकाल आला. ती पास झाली. मला फोन आला नाही, अन्नपूर्णाबाईंना आला. त्यांनी यंत्राला लांबूनच हात जोडले आणि मला म्हणाल्या, "सर, आता बटन नाही दाबलं हं."

भिंत तशीच आहे. 'इथं शिकलेला टोपली घेऊन बसत नाही.' खाली, जरा वेड्यावाकड्या अक्षरात, माझ्या हातानं : 'जानराव, चौकातल्या टोपलीवाल्या वच्छलाबाईचा मुलगा. टोपलीवर शिकलेला.'

नव्या बॅचचं कोणी ना कोणी पहिल्या दिवशी विचारतंच, "सर, वरचं अन् खालचं जुळत नाही ना?"

मी सांगायला लागतो, आणि प्रत्येक वेळी आईनं हाक मारली नाही त्या जागी येऊन अडकतो. पोरं वाट पाहतात.